चौकटीतला मजकूर

पृष्ठरचनेच्या संगणकीय आज्ञावलीत चौकटीत न मावलेला मजकूर दिसेनासा होतो. कडेला एक तांबडी खूण तेवढी उमटते. ती माझ्या नजरेतून सुटली आणि आमच्या सूचनापत्रातून अर्जाची अखेरची तारीखच गळाली. मुदत वाढवून घेतली, तोवर दूरच्या गावचे दोघे परतले होते.

पुढे म्हैसूरच्या प्राच्य संशोधन संस्थेत गेलो. आर. शामशास्त्री यांना १९०५ साली येथेच कौटिलीय अर्थशास्त्राची ताडपत्री पोथी गवसली. १९०९ साली त्यांनी ती छापून प्रसिद्ध केली. ताडपत्र म्हणजे अरुंद चौकटच! त्यात दोरीसाठी छिद्र. दोरीच्या घर्षणाने अक्षरे झिजू नयेत म्हणून लेखनिक त्याभोवती कोरी जागा राखी आणि ओळ पलीकडे पुन्हा धरी. पान संपले की दुसरे घेई. पानांवर अनुक्रमांकही घाली. दोरी कधीतरी तुटणार, हे त्याला ठाऊक होते.