पुनावळ्यातली जुनी इमारत घेताना



कारखान्यातून निवृत्त झालेल्या माणसाच्या हातात फंड आणि ग्रॅच्युइटी पडली की एजंटांचे फोन सुरू होतात. ‘पुनावळ्यात आठ फ्लॅटची जुनी बिल्डिंग आहे, सगळे भाडेकरू बसलेले आहेत, महिन्याला 72 हजार घरबसल्या.’ गावाकडची थोडी जमीन विकून, भावाला भागीदार घेऊन माणूस ती घ्यायच्या तयारीला लागतो.

भाडेकरूंची वाण तिथं नाही, हे खरं. महामार्गापलीकडे हिंजवडीचं आयटी पार्क, शेजारी ताथवड्यातली कॉलेजं, थोडं पुढं गेलं की वाकड. नव्या मोठ्या सोसायट्यांचं भाडं आणि मेंटेनन्स न परवडणारी मुलं जुन्या इमारतीतच राहतात. भाडेकरू मिळेल का, हा प्रश्न इथं दुय्यम आहे. हाती काय उरेल आणि इमारत कागदावर उभी आहे का, हे आधी विचारायला हवं.

आधी हिशेब करू. समजा, किंमत 1 कोटी 40 लाख. वर्षाचं भाडं 8 लाख 64 हजार, म्हणजे एजंटच्या भाषेत सहा टक्के. आता आपली वही उघडा. मुद्रांक शुल्क इथं मेट्रो अधिभारासह सात टक्के आणि नोंदणी फी 30 हजार, म्हणजे दहा लाख दहा हजार सही करतानाच गेले. गच्चीचं वॉटरप्रूफिंग, सडलेले पाइप, वायरिंग यांना आठ लाख धरा. गुंतवणूक झाली 1 कोटी 58 लाख. भाड्यातून वर्षाला एक महिना फ्लॅट रिकामा, मिळकतकर, पंपाचं नि जिन्याचं वीजबिल, उन्हाळ्यातले टँकर, रंगरंगोटी, दलाली असे साडेतीन लाख सहज वजा होतात. उरले पाच लाखांच्या आसपास, म्हणजे सव्वातीन टक्क्यांच्या आतबाहेर. प्राप्तिकरात दुरुस्तीपोटी तीस टक्के सरसकट वजावट मिळते, तेवढाच दिलासा. बँकेतली मुदत ठेव यापेक्षा जास्त देते आणि तिची टाकी साफ करावी लागत नाही!

टँकरचा खर्च मी उगीच धरलेला नाही. पवना नदीवरचा रावेतचा बंधारा, जिथून शहराचं पाणी उचललं जातं, तो पुनावळ्यापासून हाकेच्या अंतरावर. तरी नोव्हेंबर 2019 मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेनं दिवसाआड पाणी सुरू केलं आणि ते वर्षानुवर्षं तसंच राहिलं. त्यामुळे जमिनीखालची टाकी किती लिटरची, बोअर एप्रिलमध्ये चालतो का, हे शेजारच्या किराणा दुकानात विचारा. मालकाला विचारून उपयोग नाही. इमारत पाहायची तर जुलैत, चार दिवस झड लागल्यावर. वरच्या मजल्याचं छत आणि बाथरूमची मागची बाजू तेव्हा सगळं सांगून टाकतात. स्लॅबचं प्लास्टर सुटून गंजलेल्या सळया दिसत असतील, तर नवा रंग पाहून भुलू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. आणि खरंच सगळे फ्लॅट भरलेले असतात का? प्रत्येक मीटरची वर्षभराची महावितरणची बिलं मागा. रिकामा फ्लॅट युनिट जाळत नाही.

आता कागद. पुनावळे 1997 मध्ये महापालिकेत आलं. त्याआधीच्या कित्येक इमारती ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर उठल्या. गावठाणाबाहेर तेवढा दाखला पुरत नाही; बिगरशेती आदेश, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र मागावंच लागतं. शिवाय त्या इमारतींची तिशी आता भरते आहे, आणि तीस वर्षं झालेल्या इमारतीचा मजबुतीचा दाखला घेणं महापालिका कायद्यानं मालकावर बंधनकारक आहे.

‘शास्तीकर माफ झालाय, काळजी नको,’ असं विक्रेता सांगेल. अनधिकृत बांधकामांवरचा हा दंड 2008 पासून होता आणि मार्च 2023 मध्ये सरकारनं तो माफ केला, हे खरं. पण माफ झाला तो कर. बांधकाम त्यानं अधिकृत झालं नाही. गुंठेवारीतून नियमित झालं असेल तर तसं प्रमाणपत्र दाखवा म्हणावं. नदीच्या बाजूला इमारत असेल तर निळी पूररेषा नकाशावर स्वतः पाहा. मे 2025 मध्ये चिखलीत इंद्रायणीच्या पूररेषेतले 36 बंगले पाडले गेले. लोकांनी पैसे मोजून उभी केलेली घरं होती ती.

भाडेकरूंचे करारही चाळून घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999, कलम 55: लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. करार नोंदलेला नसेल आणि तंटा झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते मानलं जातं. तुम्ही इमारत विकत घेता, तेव्हा हा तंटाही सोबत येतो.

‘भाडं राहू द्या, जागेचा भाव वाढतोय ना,’ असं कुणी म्हणेल. या म्हणण्यात तथ्य आहे. भिंतींची किंमत घसरत जाते, जमिनीची चढते. पण समोरचा रस्ता फुटपट्टीनं मोजा. गावठाणाबाहेर नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर, म्हणजे दुसरीकडून विकत घेतलेला वाढीव बांधकामाचा हक्क, वापरता येत नाही. म्हणजे उद्या पाडून बांधायचं म्हटलं, तर आजच्यापेक्षा फार काही मिळेलच असं नाही. पुनावळ्यातल्या जुन्या गल्ल्यांत हाच मुद्दा सौदा ठरवतो, आणि नेमका तोच एजंट काढत नाही.

माझं मत विचाराल तर सांगतो: नऊ मीटरचा रस्ता, भोगवटा प्रमाणपत्र आणि मजबुतीचा दाखला, ही तिन्ही असतील तरच बोलणी करावीत, आणि तीही एक कोटीच्या आतबाहेर, तेव्हा कुठं हा हिशेब बँकेच्या थोडा जवळ सरकतो. बँक या इमारतीवर कर्ज देते का, हे तुम्हाला कर्ज नको असलं तरी विचारून पाहा. नकार आला तर कारण लिहून घ्या. आणि वकिलाचा मालकी हक्काचा तीस वर्षांचा शोध अहवाल हातात पडेपर्यंत इसाराचा एक रुपयाही देऊ नका.