दैव, योगायोग आणि मनुष्याची इच्छा
(ज्युबिलीनिमित्त उर्से येथे केलेले भाषण)



आनंदाच्या प्रसंगी एवढा जड विषय का, असे कोणी विचारील. त्याचे कारण सांगतो. काही वर्षांपूर्वी द्रुतगती मार्गावरील अपघातात गेलेल्या एका तरुणाच्या दफनविधीनंतर त्याच्या आईने आम्हांस विचारले, "फादर, हे लिहिलेलेच होते का?" आम्ही तिचे सांत्वन केले, उत्तर मात्र दिले नाही. ते ऋण आज यथाशक्ती फेडावे, असा आमचा हेतू आहे.

"लिहिलेले होते" ही समजूत केवळ भोळ्या लोकांचीच आहे असे नव्हे. फ्रान्समधील थोर गणिती लाप्लास ह्यांनी १८१४ साली असे प्रतिपादिले की, एका क्षणी विश्वातील प्रत्येक कणाची स्थिती व त्यावर कार्य करणारी बले ज्या बुद्धीस ठाऊक असतील, तिला पुढचे सर्व काही गणिताने काढता येईल. हे खरे असेल तर मनुष्य म्हणजे किल्ली दिलेले घड्याळ. मग पाप कोठले आणि पुण्य तरी कोठले?

ह्या घड्याळास तडा गेला तो पदार्थविज्ञानाच्याच हातून. कर्करोगाच्या उपचारात कोबाल्ट-६० हे द्रव्य वापरतात, हे तुमच्यापैकी काहींस ठाऊक असेल. त्यातील निम्मे अणू सुमारे सव्वापाच वर्षांत फुटतात, हे निश्चित. परंतु अमुक एक अणू केव्हा फुटेल, हे सांगता येत नाही. माक्स बोर्न ह्यांनी १९२६ मध्ये दाखविले की, नव्या पुंजविज्ञानाचे गणित घटना सांगत नाही, तिची शक्यता सांगते. देव फासे टाकीत नाही, अशा आशयाचे पत्र आइन्स्टाइन ह्यांनी त्याच वर्षी बोर्न ह्यांस लिहिले. हा वाद प्रयोगाने पारखण्याची वाट जॉन बेल ह्यांनी १९६४ मध्ये दाखविली. आणि तसे प्रयोग करणाऱ्या क्लाउझर, आस्पे व त्साइलिंगर ह्यांस २०२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आइन्स्टाइन ह्यांस अभिप्रेत असलेले साधे उत्तर त्यांत टिकले नाही. तथापि सर्व काही नियतच मानणारी, डेव्हिड बोम ह्यांच्या १९५२ च्या मतासारखी मतेही अद्याप उभी आहेत. पुण्याच्या आयसर संस्थेत ह्या विज्ञानाचे संशोधन चालते. उद्या आपलीच मुले तेथे शिकून घरी प्रश्न घेऊन येतील. म्हणून हे सांगणे अगत्याचे वाटले.

येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. "अणू स्वैर फुटतो, म्हणून मनुष्य स्वतंत्र आहे" हा तर्क लंगडा होय. आमच्या मेंदूत फासा पडला आणि त्यामुळे हात उचलला गेला, तर ते कृत्य आमचे कसे? फाशास पाप लागत नाही, पुण्यही लागत नाही. स्वातंत्र्य म्हणजे सक्ती नव्हे, तशी सोडतही नव्हे. बरेवाईट ओळखून आपण होऊन निवडणे, हे स्वातंत्र्य. विज्ञानाने ते सिद्ध केले नाही. मनुष्य घड्याळ आहे असे विज्ञानाने सिद्ध केले आहे, असे म्हणणाऱ्याचा आधार मात्र डळमळला आहे.

उर्से येथील टोलनाक्याचे पाहा. उद्या साधारण किती वाहने जातील, ह्याचा अंदाज तेथील मनुष्य बांधू शकेल. परंतु तो अंदाज कोणाच्याही गाडीचा वेग वाढवीत नाही. तो वेग ज्याचा त्याने ठरवावयाचा असतो.

मग देवास सर्व आधीच ठाऊक असते, त्याचे काय? संत थोमस आक्विनास ह्यांनी तेराव्या शतकात ह्यावर सुरेख दृष्टान्त दिला आहे. रस्त्याने चालणाऱ्यास मागून येणारे दिसत नाहीत. उंचावर उभा असलेला मात्र सारा रस्ता एकदम पाहतो. आपल्या मावळात डोंगरमाथ्यावर उभे राहून ज्याने खालचा मार्ग न्याहाळला आहे, त्यास हे निराळे समजावून सांगावयास नको. पाहणे म्हणजे ढकलणे नव्हे. पापाने मनुष्याची इच्छा दुर्बल झाली, तरी ती नाहीशी झालेली नाही, हे ट्रेंटच्या धर्मसभेनेही १५४७ मध्ये निक्षून सांगितले.

तेव्हा त्या माउलीस आज आम्ही म्हणू: बाई, तुझ्या मुलाचे मरण कोणत्याही पाटीवर लिहून ठेवलेले नव्हते. ओला रस्ता, समोरच्याची घाई, एका क्षणाची चूक, अशी अनेक कारणे एकत्र आली. त्यांतील काही कोणाच्याच हाती नव्हती, काही होती. देवाने त्यास ढकलले नाही. त्या क्षणीही देव त्याच्यापाशी होता, अशी आमची श्रद्धा आहे. तुझे दुःख ह्याने उणे होणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु ज्याने तुझा मुलगा हिरावला असे तुला वाटते, त्याच्याकडे प्रार्थनेत पाठ फिरवून बसण्याचे कारण तरी उरू नये.

आणि आपण सर्वांनी एवढे ध्यानात धरावे. दारूचा पेला, भरधाव गाडी, भावाशी धरलेला अबोला, ह्यांस नशीब हे नाव देऊ नये. मिस्साच्या आरंभी आपण छातीवर हात मारून अपराध आपला म्हणतो. दैवाचा म्हणत नाही. ज्यास अपराध आपला म्हणता येतो, त्यासच उद्या निराळे वागताही येते. ह्या ज्युबिलीच्या वर्षी प्रभू आपणां सर्वांस ते धैर्य देवो.