परिषदेच्या मांडवात पाळणाघर



८ मार्च जवळ आला की सोलापुरात महिलांचे मेळावे सुरू होतात. मांडव, माईक, हार, चहा, पाहुण्यांची गाडी, सगळा खर्च आधीच ठरतो. येणाऱ्या बाईच्या कडेवरच्या मुलाचं काय, हे मात्र बैठकीत कुणी विचारत नाही. मग ती येतच नाही. आली तरी मूल रडलं की भाषण अर्धवट सोडून बाहेर जाते.

१९७० साली ऑक्सफर्डच्या रस्किन कॉलेजात ब्रिटनमधली पहिली राष्ट्रीय स्त्रीमुक्ती परिषद भरली. तिथे मुलं सांभाळायला पुरुष बसले होते. नामवंत विचारवंत स्टुअर्ट हॉल हे त्यांच्यापैकीच एक. आपल्याकडे २००५च्या रोजगार हमी कायद्यानेही नियम केला: कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं असली, तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची आणि तिला मजुरी द्यायची. मातीकामावर जे कायद्याला सुचलं, ते परिषद भरवणाऱ्यांना सुचायला हवं.

विडी कामगार बाईचा विचार करा. १९६६च्या कायद्याने विडी कारखान्यात पाळणाघर सांगितलं, पण ती विड्या वळते घरी. सूप मांडीवर, मूल शेजारी. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतून ती मेळाव्याला येते, तेव्हा त्या दिवशीच्या विड्या बुडतात, म्हणजे मजुरी बुडते. एवढं सोसून आलेल्या बाईला निदान भाषण शेवटपर्यंत ऐकता यावं.

फार काही लागत नाही. सभागृहाला लागून तळमजल्यावरची खोली, सतरंज्या, पाणी, जवळ शौचालय. मुलांची वयं नोंदणीच्या वेळीच विचारावीत. मुलांना जेवण लवकर द्यावं. सोलापूरच्या तेलुगूभाषक पूर्वभागातल्या मेळाव्यात सांभाळणाऱ्यांपैकी एकीला तरी तेलुगू यावं; घाबरलेल्या मुलाला त्याच्या घरच्या भाषेतच समजावता येतं. सांभाळणाऱ्या बायांना मानधन द्या. आणि कार्यकर्त्या पुरुषांनाही पाळी लावा, केवळ खुर्च्या उचलायला बोलावू नका.

डिसेंबर २०२२मध्ये आमदार सरोज अहिरे तान्ह्या बाळाला घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या आणि विधानभवनात हिरकणी कक्षाचा, म्हणजे बाळाला पाजण्यासाठीच्या खोलीचा, विषय निघाला. आमदार बाईंची अडचण साऱ्या राज्याला दिसली. विडी कामगार बाईची अडचण तीच आहे, आणि ती आपण संयोजकांनीच पाहायची आहे.

येत्या मेळाव्याच्या पत्रिकेवर पाहुण्यांच्या नावांआधी एक ओळ छापा: मुलांना सोबत आणा, सांभाळण्याची सोय केली आहे.