गाडीचे कागद आणि आईची गोळी



मालवाहतुकीच्या धंद्याविषयी सुशिक्षित घरांतून फारसे बोलले जात नाही. रस्त्याने जाताना पुढचा ट्रक वाट देत नाही म्हणून चडफडावे, एवढाच आपला त्या व्यवसायाशी संबंध. परंतु आपल्या घरातील साखरेपासून विजेच्या पंख्यापर्यंत प्रत्येक वस्तू कोणत्या तरी ट्रकच्या हौद्यातून, कोणाच्या तरी जागरणातून आपल्यापर्यंत आलेली असते. त्या जागरणाला एक कार्यालय असते, त्या कार्यालयात एक व्यवस्थापक असतो आणि त्या व्यवस्थापकालाही एक घर असते. आज त्या घराविषयी आणि त्या कार्यालयाविषयी एकत्रच बोलायचे आहे, कारण दोन्ही एकाच दिवशी एकाच माणसाच्या अंगावर कोसळली.

स्थळ नाशिक. मुंबई-आग्रा महामार्गावर आडगाव नाक्याच्या पुढे ट्रक टर्मिनल आहे. तिथल्या एका लहानशा ट्रान्सपोर्ट कार्यालयातील ही हकीकत. त्या गृहस्थांचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. त्या ओळीतील कोणत्याही गाळ्यात असा एखादा माणूस भेटेल. वय चोपन्न, सत्तावीस वर्षे एकाच शेठकडे नोकरी, पंचवटीत घर, घरी पत्नी, बारावीतला मुलगा आणि शहात्तर वर्षांची आई. दिवस ३१ मार्चचा.

या तारखेचे माहात्म्य वाहतूकवाल्यांना विचारावे! वर्षाची विक्री कागदावर दिसावी म्हणून अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांना त्याच दिवशी माल बाहेर काढायचा असतो. त्यातच द्राक्षांचा हंगाम चालू असतो. गाड्या कमी, मागणी दुप्पट, भाड्याचा दर तासागणिक चढता. एकीकडे कंपनीचे लोक जुन्या बिलांसोबत पोच पावत्या मागतात, दुसरीकडे फाटकावर उभी असलेली गाडी भरली जात नाही म्हणून चालक हॉल्टिंग मागतो. वाराई कोणी द्यायची, यावरून हमालांशी वाद होतो तो निराळाच.

त्या दिवशी या गृहस्थांना मात्र या सगळ्यांहून मोठी एक चिंता होती. अंबडहून रायपूरला निघालेली त्यांची एक गाडी गोंदिया जिल्ह्यात देवरीजवळ गिअरबॉक्स बिघडल्याने चार दिवस उभी होती. सुटा भाग नागपुरातून यायचा होता, तो आदल्या रात्री आला. दरम्यान गाडीच्या ई-वे बिलाची मुदत मध्यरात्री संपली.

वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला आणि राज्यांच्या सीमांवरील विक्रीकराचे नाके उठले, ही गोष्ट वाहतूकदारांच्या दृष्टीने मोठीच सोय झाली. त्या जागी १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालासाठी हे संगणकावरील बिल आले. सर्वसाधारण मालाला दर २०० किलोमीटरमागे एक दिवस मिळतो. वाटेत खोळंबा झाला तर मुदत वाढवून घेता येते, पण ती संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंतच. त्यानंतर गाडी पकडली गेली तर मालावरील कराच्या दुप्पट दंड. या गाडीत १२ लाखांची विजेची पॅनेल्स होती. १८ टक्क्यांनी कर २ लाख १६ हजार. दंड ४ लाख ३२ हजार! रात्री संकेतस्थळ अडखळत होते. सकाळी आठच्या आत काम व्हायलाच हवे होते.

म्हणून ते पावणेसातलाच घराबाहेर पडले. आई देवापुढे दिवा लावत होती. तिने नेहमीप्रमाणे विचारले, "डबा घेतलास का रे?" त्यांनी मान हलवली. तेव्हा घड्याळात साडेसहा वाजून गेले होते. ही वेळ पुढे किती महत्त्वाची ठरणार आहे, हे त्या वेळी कोणाला कळणार?

सात वाजून चाळीस मिनिटांनी पत्नीचा दूरध्वनी आला. "अहो, आईंच्या हातून फुलपात्र पडलं. तोंडही जरा वेगळं दिसतंय. बोलणं नीट कळत नाही. त्या म्हणतात, काही नाही, हात आखडलाय."

संगणकाच्या पडद्यावर मुदतवाढीचा अर्ज उघडलेला होता. वाहन क्रमांक, सध्याचे ठिकाण, उरलेले अंतर, विलंबाचे कारण, असे रकाने भरायचे होते. ते म्हणाले, "पित्त झालं असेल. पडून राहायला सांग. संध्याकाळी डॉक्टरांकडे नेऊ." आणि फोन ठेवला.

त्यांना कठोर म्हणण्याची घाई कोणी करू नये. आपल्यापैकी किती जणांनी कार्यालयातून हेच वाक्य घरी ऐकवले आहे, हे ज्याने त्याने आठवून पाहावे. 'संध्याकाळी नेऊ' हा मराठी मध्यमवर्गाचा सार्वत्रिक औषधोपचार आहे.

सात बावन्नला मुदतवाढ मिळाली. आठ वाजून दहा मिनिटांनी देवरीहून चालकाचा फोन आला. पंचावन्नच्या पुढचा, बीड जिल्ह्यातला हा माणूस. कार्यालयात सारे त्याला मामा म्हणतात. नवे कागद मिळाले का, एवढेच विचारायचे होते. पण आवाजावरून त्याने ओळखले. "साहेब, घरी काही झालंय का?" ते सहज सांगून गेले.

पलीकडे क्षणभर शांतता. मग मामा म्हणाला, "तोंड वाकडं झालंय म्हणता अन् तुम्ही हापिसात बसलात? साहेब, आमच्या बापाला असंच झालं होतं. आधी गावातल्या डॉक्टरकडं नेलं, मग तालुक्याला, मग बीडला. रात्र झाली. डॉक्टर म्हणला, सकाळी आणायचं होतं. सहा वर्षं खाटेवर होता म्हातारा. गाडी काय, उभी राहील. तुम्ही उठा. आन् घरच्या डॉक्टरकडं न्यायचं नाही, जिथं डोक्याचा फोटो काढायचं मशीन आहे तिथं न्या."

वैद्यकशास्त्र याहून वेगळे काही सांगत नाही. चेहऱ्याची एक बाजू ओघळणे, एका हातातील बळ जाणे, वाचा अडखळणे ही पक्षाघाताची लक्षणे अचानक दिसली की पहिला साडेचार तासांचा अवधी निर्णायक असतो. मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवणारे औषध शिरेतून देता येते ते सर्वसाधारणपणे एवढ्याच वेळात. मात्र त्याआधी सी. टी. स्कॅन करावेच लागते. कारण पक्षाघात रक्तस्रावानेही होतो आणि तसे असता हेच औषध घातक ठरते. म्हणून ज्या दवाखान्यात ही सोय नाही तिथे गेलेला वेळ वायाच जातो.

ते उठले. पत्नीला १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवायला सांगितले. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे, पण आजही अनेक घरांत रिक्षाच आठवते. स्वतः थेट रुग्णालयाकडे निघाले. निघताना टेबलासमोर वाणिज्य शाखेची पदवी घेतलेली, बावीस वर्षांची एक मुलगी बसलेली होती. दोन वर्षे ती फक्त बिल्ट्या टंकित करत असे. संकेतस्थळाचा परवलीचा शब्द त्यांनी आजवर कोणालाही दिला नव्हता. आपल्यावाचून हे चालणार नाही, असा त्यांचा ठाम समज होता. (हा समज फक्त ट्रान्सपोर्ट कार्यालयातच असतो असे नाही!) त्यांनी तो एका चिठ्ठीवर लिहून दिला. "पोरी, आजचा दिवस तू बघ."

सव्वानऊला आई रुग्णालयात पोहोचली. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "यांना शेवटचं व्यवस्थित कोणी आणि किती वाजता पाहिलं?" फुलपात्र किती वाजता पडले, हा प्रश्न नव्हता. लक्षणे केव्हा दिसली यापेक्षा माणूस केव्हापर्यंत ठीक होता, तिथून वेळ मोजतात. ते म्हणाले, "साडेसहा ते पावणेसात. माझ्याशीच बोलली." म्हणजे अकरापर्यंतचा अवधी.

दुसरा प्रश्न: कोणत्या गोळ्या चालू आहेत? रक्त पातळ होण्याची एखादी आहे का? आणि इथे ते गप्प झाले. कार्यालयाच्या भिंतीवर शेठच्या चौदा गाड्यांचा तक्ता त्यांनीच लावलेला होता. कोणत्या गाडीचे फिटनेस केव्हा संपते, विमा केव्हा, परमिट केव्हा, पीयूसी केव्हा, हे त्यांना तोंडपाठ. आईचा रक्तदाब मागे केव्हा मोजला होता, ते मात्र आठवेना. उत्तर पत्नीने दिले. रक्त पातळ करणारी गोळी नाही. रक्तदाबाची एक होती. ती संपून पंधरा दिवस झाले होते. आईने सांगितले नव्हते. सुनेने रिकामे पाकीट त्याच सकाळी उशाशी पाहिले. मार्च महिना आहे, त्याला कशाला त्रास, असे म्हातारीने शेजारणीला सांगितल्याचे नंतर कळले.

रक्तदाब २१० निघाला. स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. गुठळीचे औषध देता येण्याजोगे होते. पण वरचा रक्तदाब १८५च्या खाली आणल्याशिवाय ते देत नाहीत. आधी तो उतरवण्याचे औषध सुरू झाले. पंधरा दिवस न घेतलेल्या त्या स्वस्त गोळीने आता मिनिटे खायला सुरुवात केली. पावणेदहा, दहा, सव्वादहा.

या अवधीत त्यांच्या खिशातला फोन सतत वाजत होता. संकेतस्थळाचा ओटीपी त्यांच्याच क्रमांकावर येई. स्कॅनच्या खोलीबाहेर उभे राहून ते त्या मुलीला सहा आकडे वाचून दाखवत होते आणि दुसऱ्या हाताने संमतिपत्रावर सही करत होते. या औषधाने काही रुग्णांच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, असे त्या पत्रात लिहिलेले असते आणि डॉक्टरही स्पष्ट सांगतात. त्यांनी पत्नीकडे पाहिले. ती म्हणाली, "करा सही."

दहा वाजून चाळीस मिनिटांनी औषध सुरू झाले. अवधीतील वीस मिनिटे शिल्लक होती.

कार्यालयात त्या मुलीने दिवसभरात अकरा गाड्या काढल्या. एका बिल्टीवर वजन चुकले, ते काट्यावर लक्षात आले आणि दुरुस्त झाले. शेठ दुपारी स्वतः येऊन गल्ल्यावर बसले. कित्येक वर्षांत प्रथमच.

मामा दुसऱ्या दिवशी पहाटे रायपूरला पोहोचला. माल उतरवण्यासाठी दारात दीड दिवस ताटकळला. मोटार वाहतूक कामगारांसाठी २०२५ पर्यंत १९६१चा कायदा होता. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास अशी मर्यादा त्यात घातलेली होती. मामाला विचारले तर तो हसतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले, ही चांगलीच गोष्ट. मामाची गाडी त्याआधीची आहे. त्याचाही रक्तदाब कोणी मोजलेला नव्हता. तो परतला तेव्हा त्या गृहस्थांनी त्याला हिशेबाआधी समोरच्या दवाखान्यात नेले. १७० निघाला. मामा म्हणाला, "यंत्र खराब असंल."

आईची वाचा तिसऱ्या दिवशी बरीच परतली. डाव्या हाताच्या बोटांत अजून जोर नाही. फुलवाती आता नातू वळतो, त्या जाड होतात आणि ती रोज त्यावरून त्याला बोलते. त्या मुलीच्या नावाने संकेतस्थळावर स्वतंत्र खाते उघडले गेले, तिचा ओटीपी आता तिलाच येतो. भिंतीवरच्या तक्त्यात चौदा गाड्यांखाली सहा ओळी वाढल्या आहेत. पाच चालकांच्या आहेत. सहाव्या ओळीत 'आई' असे लिहिलेले असून पुढच्या रकान्यात गोळ्या संपण्याची तारीख आहे.