बॅटरीचे सहा सेल सारखे आहेत का?



ट्रॅक्टरचा स्टार्टर सकाळी नुसता कटकट करतो आणि आपण म्हणतो, बॅटरी गेली. जरा थांबा. १२ व्होल्टच्या बॅटरीत २-२ व्होल्टचे ६ सेल एकामागे एक जोडलेले असतात. सहा बैलांच्या नांगराला एक बैल बसला की पाचांचा जोर वाया, तसंच इथंही होतं.

हायड्रोमीटर काही महाग नाही. चार्जिंगनंतर बॅटरी काही तास स्वस्थ ठेवून प्रत्येक सेल तपासा. भरलेल्या सेलचा आकडा साधारण १.२५ ते १.२८ असतो. पाच सेल १.२६ आणि एकच १.२० दाखवत असेल, तर तो मागे पडलाय. अशा वेळी प्लेटा बुडतील इतपत डिस्टिल्ड पाणी घालावे व चार्जिंगवाल्याकडून कमी अँपिअरवर, नेहमीपेक्षा जास्त वेळ चार्ज करून घ्यावे. भरलेले सेल बुडबुडे सोडतील, सोडू द्या. तेवढ्यात मागचा त्यांना गाठतो. दर तासाला बघावे, आकडा वाढायचा थांबला की चार्जिंग बंद. तरीही तो सेल खालीच राहिला, तर मात्र बॅटरी बदला.

कमी सेलात ॲसिड ओतायचा सल्ला हमखास मिळतो. ऐकू नका! आकडा वाढतो, चार्ज वाढत नाही; प्लेटा मात्र खराब होतात.

बुडबुड्यांतून हायड्रोजन वायू निघतो, तो पेट घेतो. म्हणून जागा मोकळी हवी, बिडी-काडी लांब. सीलबंद बॅटरीवर किंवा फवारणी पंपाच्या लिथियम बॅटरीवर हा उपाय मुळीच करू नये.