काळी-पिवळी, माझा पाय आणि नुकसानभरपाईचा दावा

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला शिवणकामाच्या अनुभवांवर बोलायला सांगितलं होतं. ते पुढच्या मेळाव्याला सांगीन. सकाळपासून हातातली काठी बघून तिघांनी चौकशी केली आणि तिघांनीही एकच विचारलं, "मग गावातल्याच माणसावर केस केलीस का गं?" म्हणून आज त्याचंच सांगते.

आपण शहागडचे. सोलापूर-धुळे महामार्ग दारातून जातो. एस.टी. मिळाली तर मिळाली, नाही तर काळी-पिवळी. डिसेंबर 2022 मध्ये मी गेवराईहून कापड घेऊन येत होते. जीप नऊ जणांची, आत आम्ही चौदा. गोदावरीचा पूल यायच्या आधी उसाची ट्रॉली रस्त्यातच उभी होती, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. जीप तिच्यावर आदळली. माझी उजवी नडगी आणि घोटा मोडला. घाटीत दोन शस्त्रक्रिया झाल्या, पाच महिने मशीन बंद.

जीपमालक घरी आला, वीस हजार ठेवले आणि म्हणाला, "ताई, मिटवून टाका." माणूस वाईट नाही. त्याच्या बायकोची ब्लाउजं मी आजही शिवते. पण गाडीचा विमा कायद्यानं सक्तीचा आहे तो याचसाठी. विमा चालू असेल तर भरपाई कंपनी देते, त्याला घर विकावं लागत नाही. हे त्यालाही माहीत नव्हतं! पोलिसांची फौजदारी केस वेगळी आणि आपला भरपाईचा दावा वेगळा. मी पैसे परत केले.

माझ्या शेजारी बसलेल्या शेतमजूर बाईनं मात्र पंधरा हजार घेऊन कागदावर अंगठा दिला. तिच्या मांडीत सळई आहे. तिला खुरपायला बसता येत नाही. ती माझ्याकडे चौकशीला आली तेव्हा वर्ष उलटलं होतं. 1 एप्रिल 2022 पासून दाव्याला सहा महिन्यांची मुदत आहे. या मुदतीवरून सर्वोच्च न्यायालयात वाद गेलेला आहे, पण त्याच्या भरवशावर कोणी बसू नये.

अपघात नदीपलीकडे झाला, म्हणजे बीड जिल्ह्यात. गुन्हाही तिकडेच नोंदला. मला वाटलं आता काठी टेकत तिकडेच खेटे घालायचे. पण आपण राहतो तिथल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही अर्ज करता येतो, म्हणून मी जालन्यात केला. पुण्यात ॲपवरच्या टॅक्सीत आपल्या कुणाच्या लेकराला लागलं, तरी घर इथं असेल तर इथूनही दावा होतो.

चूक जीपवाल्याची की ट्रॉलीवाल्याची, यावर दोन्हीकडचे वकील भांडले. प्रवाशानं त्यात पडायचं कारण नाही. 2015 च्या खेनयेई निकालानुसार दोघांपैकी कोणाहीकडून पूर्ण भरपाई मागता येते. म्हणून पंचनाम्यात ट्रॅक्टरचाही नंबर आला पाहिजे. आमच्या वेळी एका कॉलेजच्या पोरानं मोबाईलवर फोटो काढला होता, त्याचे उपकार.

मग कंपनी म्हणाली, नऊच्या जागी चौदा बसले होते. 2007 च्या अंजना श्याम निकालात असंच होतं. बस 42 जणांची आणि माणसं त्याहून कितीतरी जास्त. कंपनीनं जितक्या जागांचा विमा तितक्याच दाव्यांचे पैसे भरायचे, त्यातही मोठ्या रकमांचे दावे धरून. ते पैसे सगळ्यांत वाटून द्यायचे आणि उरलेलं ज्यानं त्यानं मालकाकडून वसूल करायचं. आमच्यातल्या पाच जणांनीच दावे केले, म्हणून निभावलं. चौदाही जण गेले असते तर प्रत्येकाच्या ताटातलं कमी झालं असतं. पिकअपमध्ये, टेम्पोत मालासारखे बसून जाणाऱ्यांचं तर याहून अवघड. मालवाहू गाडीतल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, हे 2002 च्या आशा राणी निकालापासून ठरलेलं आहे.

आता गणित. आपले गणिताचे सर समोर बसलेत, चुकलं तर पट्टी मारतील. माझं शिवणकामाचं उत्पन्न मी महिना बारा हजार सांगितलं. आयकराचा कागद कुठला असणार? मी मापाच्या वह्या नेल्या. नाव, माप, शिलाई, तारीख, सगळं लिहिलेलं. न्यायाधिकरणानं नऊ हजार धरले. माझं वय तेव्हा 44, स्वतःचा धंदा, म्हणून पुढच्या वाढीचे 25 टक्के मिळवले, झाले 11,250. वर्षाचे 1,35,000. सरला वर्मा निकालाच्या तक्त्यात या वयाला गुणक 14. गुणाकार 18,90,000. त्याला अपंगत्वाची टक्केवारी लावायची.

इथं खरी लढाई. दाखल्यावर 22 टक्के होते. त्या हिशेबानं 4,15,800. पण 2010 च्या राज कुमार निकालात न्यायालयानं सांगितलंय की शरीराचं अपंगत्व आणि कमाईचं नुकसान एकच नव्हे. हात गेला तर सुताराचं सगळं जातं, कारकुनाची नोकरी कदाचित टिकते. उलटतपासणीत कंपनीचे वकील म्हणाले, "मशीनला मोटार बसवा." मी म्हटलं, "साहेब, मोटारीलाही पायानंच दाबावं लागतं, आणि आमच्याकडे लाईट किती वेळ असते ते तुम्ही एकदा येऊन बघा." न्यायाधीश हसले. त्यांनी 40 टक्के धरले, म्हणजे 7,56,000. दवाखान्याची बिलं, वेदना आणि अर्जाच्या तारखेपासूनचं व्याज वेगळं. लोकअदालतीत आधी साडेतीन लाखांवर मिटवा म्हणत होते. तिथं मिटलं की अपील नसतं, म्हणून मी घाई केली नाही. काही रक्कम न्यायाधिकरणानं मुदत ठेवीत ठेवायला लावली, ते बरंच झालं.

मैत्रिणींनो, "मी काय कमावते?" असं म्हणून घरी बसू नका. 2001 च्या लता वाधवा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं गृहिणीच्या घरकामाची किंमत महिना 3,000 रुपये धरली होती, तीही तेव्हाची.

आणि दवाखान्यातच खाटेजवळ येऊन वकीलपत्रावर सही मागणारे भेटतात, मिळालेल्या रकमेत टक्केवारी सांगतात. वकिलानं निकालाच्या रकमेत हिस्सा घेणं त्यांच्या आचारसंहितेत बसत नाही. माझ्या वकीलबाईंनी फी आधीच ठरवली होती.

माझी फाईल मी सोबत आणली आहे. डिस्चार्ज कार्ड, बिलं, फिर्याद, पंचनामा, अपंगत्वाचा दाखला, निकालपत्र, सगळं क्रमानं लावलंय. कोणाच्या घरी असं प्रकरण असेल तर जेवणानंतर मी दहावी 'ब'च्या वर्गात बसलेली आहे. वह्या मात्र झेरॉक्स काढून लगेच परत द्या, त्यात गिऱ्हाइकांची मापं आहेत.