आधी पाया, मग कळस



बाप्पासमोर गेमिंग कॉम्प्युटरवर बोलणार म्हटल्यावर आमच्या गल्लीतल्या काकूंनी विचारलं, "अहो, पोरं आधीच खेळून बिघडलीत, तुम्ही आणखी शिकवायला निघालात का?" काकूंचं खोटं नाही. पण मुलं हट्ट धरतात आणि आपण शेवटी पैसे देतोच. मग ते पाण्यात जाऊ नयेत, एवढंच सांगायला उभा आहे.

आमच्या नात्यातल्या एका मुलाने रंगीबेरंगी दिव्यांचा तयार कॉम्प्युटर घेतला होता. दुकान कुठलं ते सोडा. पहिल्याच वळवाच्या पावसात व्होल्टेज वरखाली झालं, आतला स्वस्तातला एसएमपीएस उडाला आणि जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. वर्षभराची बचत एका संध्याकाळी संपली.

म्हणून २०२३ साली दहावी झालेल्या माझ्या मुलाने हट्ट धरला, तेव्हा मी एकच अट घातली. "तयार आणायचा नाही. एकेक भाग समजून घ्यायचा, वहीत लिहायचा आणि आपणच जोडायचा." मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमावाला. लोड मोजल्याशिवाय वायर निवडायची नाही, ही आमची सवय. पण कॉम्प्युटर जोडण्यात मीही नवशिकाच.

पैसे होते ४४ हजार. मुलाचं म्हणणं, ग्राफिक्स कार्ड आधी, बाकी कसंही चालेल. माझं म्हणणं उलटं. घर बांधताना पैसे कमी असले तर वरचा मजला मागे ठेवतो, पाया कमी खोल घेत नाही. कॉम्प्युटरचा पाया म्हणजे मदरबोर्ड, एसएमपीएस आणि कॅबिनेट. चार दिवस तो माझ्याशी नीट बोलला नाही. मग स्वतःच वही घेऊन आला.

आम्ही प्रोसेसर घेतला रायझन ५ ५६००जी. याच्या पोटातच ग्राफिक्स असतं, त्यामुळे वेगळ्या कार्डाशिवाय पडदा चालतो आणि हलके गेम खेळता येतात. बोर्ड बी५५०. रॅम १६ जीबी, पण ८-८ च्या दोन पट्ट्या, कारण पोटातलं ग्राफिक्स रॅमवरच जगतं आणि दोन पट्ट्यांनी त्याचा वेग चांगलाच वाढतो. ५०० जीबीचा एनव्हीएमई एसएसडी. एसएमपीएस नावाजलेल्या कंपनीचा, ५५० वॅटचा. कॅबिनेट पुढून जाळीचं, कारण आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. बंद काचेच्या डब्यात गरम हवा कोंडली की प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो. साधा मॉनिटर नवा घेतला. कीबोर्ड-माऊस घरातलेच जुने.

खरेदीला सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरला गेलो. बिदरहून सकाळी निघून रात्री परत येता येतं. चार दुकानांत भाव विचारला आणि प्रत्येक भागाचं वेगळं बिल घेतलं, कारण वॉरंटी प्रत्येक भागाची वेगळी असते.

जोडणी रविवारी, जेवणाच्या टेबलावर. आधी लोखंडाला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली. प्रोसेसरखाली १,३३१ पिना. कोपऱ्यातला त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवून अलगद ठेवायचा, दाबायचा नाही. सगळं झालं, बटन दाबलं, पंखे फिरले, पण पडदा काळा! मुलाचा चेहरा उतरला. तासाभराने कळलं, रॅमची एक पट्टी पुरती बसलीच नव्हती. 'कट्' आवाज येईपर्यंत दाबली आणि पडदा उजळला. आमची ही आतून ओरडली, "आता तरी टेबल मोकळं करा!"

त्यानंतर वर्षभर मुलगा हलके गेम खेळला आणि कार्डासाठी पैसे साठवत गेला. मध्ये दोनदा त्याने विषय काढला, दोनदा मी वही दाखवली. २०२४ मध्ये आठ जीबीचं आरएक्स ६६०० आणलं. ते साधारण १३२ वॅट खातं, प्रोसेसर ६५ वॅटच्या वर्गातला. एसएमपीएस आधीच मापाने घेतला होता, म्हणून काहीच बदलावं लागलं नाही. पडदा पुन्हा काळा झाला, तोही आमच्याच चुकीने. मॉनिटरची केबल कार्डाऐवजी जुन्याच जागी, मदरबोर्डला राहिली होती. या वेळी चूक त्याने शोधली, मी नव्हे.

आमच्या बोर्डाचा सॉकेट एएम४. रायझन त्यावर २०१७ मध्ये आला आणि २०२४ मध्येही त्याच सॉकेटचे नवे प्रोसेसर निघाले. याला म्हणतात पुढे वाढवता येणं. आज नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी २०२२ मध्ये आलेल्या एएम५ चा विचार करावा. त्याला डीडीआर५ रॅम लागते, सुरुवातीचा खर्च वाढतो, पण पुढची वाट मोकळी राहते. पैसे अगदीच मोजके असतील तर एएम४ अजूनही वाईट नाही.

शेवटी पालकांना दोन गोष्टी. खर्चाआधी घरातलं अर्थिंग तपासून घ्या. आणि यूपीएस व्हीए बघून घेऊ नका, वॅट बघा. ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटच देतो.

काकूंना मात्र मी एवढंच सांगितलं, मुलगा अजूनही खेळतो, रागावावंही लागतं. पण परवा शेजारच्यांचा बंद पडलेला कॉम्प्युटर त्याने उघडला, रॅम काढून पुसून पुन्हा बसवली आणि चालू करून दिला. पैसे घेतले नाहीत. काकूंच्याच घरचा होता तो.

गणपती बाप्पा मोरया!